सुखी आहात का, हे विचारायचं कुणाला?

टोरांटोत १९९० च्या दशकात डॉ. डोनाल्ड रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी रुग्णांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, चालू असताना दर मिनिटाला विचारायचं: आत्ता किती दुखतंय? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. त्या काळी या तपासणीसाठी आजच्यासारखी सर्रास गुंगी देत नसत. कुणाची तपासणी चार मिनिटांत उरकली, तर कुणाची तब्बल ६९ मिनिटं चालली. अशा १५४ रुग्णांच्या वेदनेचा मिनिटामिनिटाचा हिशेब कागदावर आला. तपासणी संपल्यावर त्यांना आणखी एक प्रश्न विचारला गेला: एकंदरीत किती त्रास झाला?

दोन्ही उत्तरं जुळली नाहीत. एका रुग्णाची तपासणी आठ मिनिटं चालली, दुसऱ्याची २४ मिनिटं. दोघांचीही वेदना एका टप्प्यावर आठ अंकापर्यंत चढली होती. मिनिटांची बेरीज केली तर दुसऱ्याने कितीतरी जास्त सोसलं होतं. तरीही ‘फार वाईट अनुभव’ असं सांगितलं पहिल्याने, कारण त्याची तपासणी ऐन वेदनेत संपली आणि दुसऱ्याची वेदना शेवटी ओसरत गेली होती. आठवणीने सर्वांत वाईट क्षण आणि शेवट एवढंच जपून ठेवलं. किती वेळ सोसलं, याची तिने जवळपास नोंदच घेतली नाही. पुढे २००३ मध्ये ६८२ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या रुग्णांच्या तपासणीच्या शेवटी नळी थोडा वेळ न हलवता तशीच आत ठेवली होती. या रुग्णांचा त्रास वाढला, पण तो सौम्य होता, आणि संपूर्ण तपासणीची त्यांची आठवण इतरांपेक्षा बरी निघाली.

मग जास्त सोसलं कुणी? टेबलावर झोपलेल्या माणसाला विचारलं तर एक उत्तर मिळतं आणि घरी जाऊन हकिगत सांगणाऱ्या त्याच माणसाला विचारलं तर दुसरं. कानेमन यांनी या दोघांना वेगळी नावं दिली: अनुभवणारा ‘मी’ आणि आठवणारा ‘मी’. हा विषय वेदनेपुरता राहत नाही. ‘सुख म्हणजे नेमकं काय?’ या हजारो वर्षं जुन्या प्रश्नाला आज हात घालायचा, तर आधी हे ठरवावं लागतं की साक्ष कुणाची काढायची.

पंढरीच्या वाटेवरच्या वारकऱ्याचं उदाहरण घ्या. आळंदीपासून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची चाल, मध्येच कोसळणारा पाऊस, सुजलेले पाय, टँकरपुढची रांग, राहुटीतली अर्धवट झोप. दर तासाला ‘आत्ता कसं वाटतंय?’ असं विचारत गेलं, तर भजनात रंगलेले तास सोडून उरलेल्यांपैकी बरेच तास कमी गुणांचे निघतील. पण हीच माणसं पुढच्या आषाढीला पुन्हा वाटेला लागतात आणि वारीबद्दल बोलताना त्यांचा चेहरा खुलतो. त्यांना वारीत सुख मिळतं, हे तर उघडच आहे. मात्र तासांची बेरीज करून ते हाती लागत नाही.

बेरजेची ही कल्पना जुनी आणि मोठी प्रामाणिक आहे. इंग्लंडमध्ये जेरेमी बेंथम यांनी १७८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुखाचा अक्षरशः हिशेब मांडला. सुख किती तीव्र, किती काळ टिकणारं, मिळण्याची खात्री किती, ते किती जवळ आहे, त्यातून आणखी सुख निपजेल का, त्यात दुःखाची भेसळ किती आणि ते किती जणांना मिळणार, अशा सात कसोट्या त्यांनी दिल्या. राजाचं सुख आणि रस्त्यावरच्या माणसाचं सुख एकाच तराजूत तोलायचं, हा त्यामागचा आग्रह होता. तुरुंगसुधारणेपासून कायदे सोपे करण्यापर्यंत अनेक चांगल्या गोष्टी या विचारातून पुढे आल्या.

या हिशेबाला पहिला हादरा बसला तो घरातूनच. बेंथम यांचे सहकारी जेम्स मिल यांनी आपला मुलगा जॉन स्टुअर्ट मिल याला याच विचाराचा वारस म्हणून घडवलं. तिसऱ्या वर्षी ग्रीक भाषेने त्याचं शिक्षण सुरू झालं. १८२६ मध्ये, विशीत असताना, या तरुणाने स्वतःला एक प्रश्न विचारला. जगात ज्या सुधारणा व्हाव्यात म्हणून आपण झटतो, त्या सगळ्या या क्षणी झाल्या तर आपल्याला आनंद होईल का? आतून उत्तर आलं, नाही. त्यानंतरचे कित्येक महिने त्याने गाढ निराशेत काढले. आत्मचरित्रात मिल यांनी हा काळ फार मोकळेपणाने लिहिला आहे. त्यातून ते अशा निष्कर्षाला आले की सुखालाच नेम धरून निघालेल्याला ते सापडत नाही. दुसऱ्या कशात तरी, एखाद्या कामात, कलेत, इतरांच्या भल्यात मन गुंतलेल्या माणसाला ते वाटेत भेटतं. पुढे १८६१ मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं: सुखासुखात प्रतीचा फरक असतो आणि तो केवळ मापाने मोजता येत नाही.

मिल मराठी वाचकाला परके नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातल्या शिकलेल्या तरुणांमध्ये त्यांची पुस्तकं वाचली जात होती आणि आगरकरांच्या लेखनावर त्यांचा ठसा स्पष्ट आहे. टिळकांनी तर मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात, ‘गीतारहस्य’ लिहिताना बेंथम-मिल पंथाशी सविस्तर वाद घातला. ‘आधिभौतिक सुखवाद’ आणि ‘सुखदुःखविवेक’ ही दोन सलग प्रकरणं त्यासाठी आहेत. गीतेवरच्या ग्रंथात असलं काही कशाला, असा प्रश्न आज पडू शकतो. पण माणसाने कर्म का करावं याचा शोध घेताना ‘सुखासाठी’ हे सर्वांत सोपं उत्तर आधी तपासावं लागतं, हे टिळकांनी नेमकं ओळखलं होतं.

आणि टिळकांचंच त्या काळातलं आयुष्य या प्रश्नासमोर ठेवून पाहावं. पन्नाशी उलटलेला, मधुमेहाने ग्रासलेला माणूस ब्रह्मदेशात लाकडी बराकीत सहा वर्षांची शिक्षा भोगतो आहे. घर हजारो मैल दूर. १९१२ मध्ये पत्नी गेल्याची बातमीही तिथेच कळते. तासातासाच्या नोंदी ठेवल्या असत्या तर हा काळ दुःखाच्या रकान्यात पडला असता. आपण जे करतो आहोत ते करण्यासारखं आहे, ही त्या माणसाच्या मनातली खात्री त्या नोंदीत कुठे दिसली असती? अ‍ॅरिस्टॉटलला सुखाबद्दल बोलताना अभिप्रेत होतं ते हेच काहीतरी: मनाची एखादी अवस्था त्याला सांगायची नव्हती, त्याला सांगायचं होतं ते माणसाच्या ताकदी पुरेपूर वापरत, नीट जगलेल्या आयुष्याबद्दल. त्याचा कस संपूर्ण आयुष्यभराचा, एका दुपारचा नव्हे.

कानेमन यांनी मात्र बराच काळ क्षणाच्याच बाजूने किल्ला लढवला. २००४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी टेक्ससमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवायला लावला आणि प्रत्येक प्रसंगी कसं वाटत होतं ते नोंदवून घेतलं. जवळच्या माणसांचा सहवास आणि मित्रमैत्रिणींच्या गप्पा वर आल्या, कामावर जाण्यायेण्याचा प्रवास तळाला गेला. मूल सांभाळण्याचा क्रमांकही बराच खाली लागला. पण यांतल्या आयांना आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या आनंदाबद्दल विचारलं असतं, तर किती जणींनी आधी मुलांचं नाव घेतलं असतं, हे सांगायला संशोधनाची गरज नाही. अखेरच्या वर्षांत कानेमन यांनी मुलाखतींतून मान्य केलं की, आपण जे मोजू पाहत होतो ते लोकांना हवंच नसतं. क्षण गोड असावेत यापेक्षा आपलं आयुष्य समाधानाचं आहे असं स्वतःला सांगता यावं, हे माणसांना जास्त हवं असतं. नोबेल मिळालेल्या माणसाने आपल्याच मापनाबद्दल हे बोलावं, याची योग्यता मोठी आहे.

दरवर्षी २० मार्चला, आंतरराष्ट्रीय आनंददिनाच्या सुमारास, ‘जगातला सर्वांत सुखी देश’ अशी बातमी येते. २०१८ पासून फिनलंड सलग पहिला आहे. २०२५ च्या अहवालात १४७ देशांमध्ये भारत ११८ वा होता. मग आपल्याकडे चर्चा सुरू होते की, इतका थंड आणि अबोल देश सुखी कसा? पण या क्रमवारीसाठी लोकांना ‘तुम्ही सुखी आहात का?’ असं विचारतच नाहीत. हॅडली कँट्रिल या अमेरिकी संशोधकाने १९६५ मध्ये मांडलेली शिडी त्यासाठी वापरतात. शिडीला शून्य ते दहा पायऱ्या आहेत. दहावी पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य तितकं उत्तम आयुष्य, शून्य म्हणजे वाईटात वाईट. तुम्ही आज कोणत्या पायरीवर उभे आहात? दवाखाना, शाळा, निवृत्तिवेतन आणि सरकार यांचा भरवसा असलेला फिन माणूस वरची पायरी दाखवतो, यात नवल नाही. ‘काल तुम्ही हसलात का, नीट विश्रांती मिळाली का?’ असं विचारलं की पॅराग्वेसारखे लॅटिन अमेरिकी देश वर येतात. प्रश्न बदलला की विजेता बदलतो. बातमीत मात्र दोन्हींना ‘सुख’च म्हटलं जातं आणि वाचकाची इथे खरोखर फसगत होते.

पैशाच्या बाबतीतही असंच झालं. कानेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या साडेचार लाख उत्तरांवरून दाखवलं की, उत्पन्न वर्षाला सुमारे ७५,००० डॉलरच्या पुढे गेलं की रोजच्या आनंदात फारशी भर पडत नाही. शिडीवरची पायरी मात्र चढत राहते. पहिलंच वाक्य जगभर गाजलं. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी मोबाइलवरून ३३,००० हून अधिक लोकांच्या क्षणाक्षणाच्या नोंदी गोळा केल्या आणि सांगितलं की, आनंद कुठेच थांबत नाही, तो उत्पन्नाबरोबर वाढतच जातो. विद्वानांमधली अशी भांडणं वर्षानुवर्षं चालतात. इथे मात्र दोघांनी बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ म्हणून घेतलं आणि एकत्र बसून आकडे पुन्हा तपासले. २०२३ मध्ये निष्कर्ष आला: बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत राहतो, पण सर्वांत दुःखी अशा साधारण पाचव्या हिश्शातल्या लोकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचं दुःख एका उत्पन्नापर्यंत कमी होतं आणि मग थांबतं. मनाचं आजारपण, तुटलेलं नातं, जवळच्याचा मृत्यू यांवर पगारवाढ एका मर्यादेपलीकडे चालत नाही.

इथवर आपण असं धरून चाललो आहोत की, योग्य प्रश्न सापडला की माणूस खरं उत्तर देईल. सर्वांत अवघड अडचण तर पुढेच आहे.

कोलकात्याजवळचं सिंगूर पुढे नॅनो कारखान्यामुळे देशभर माहीत झालं. तिथे १९४४ मध्ये, बंगालच्या भीषण दुष्काळाच्या पुढच्याच वर्षी, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजिन अँड पब्लिक हेल्थ या संस्थेने आरोग्याची पाहणी केली. आपण आजारी आहोत किंवा प्रकृती बेताचीच आहे, असं विधुरांपैकी ४८.५ टक्के जणांनी सांगितलं. असं सांगणाऱ्या विधवा होत्या फक्त २.५ टक्के. अमर्त्य सेन यांनी १९८० च्या दशकात हे आकडे अभ्यासकांसमोर ठेवले. बंगालमधली विधवा म्हणजे मासळी वर्ज्य, एकादशीचे कडक उपास, घरात शेवटचं ताट. तिची प्रकृती पुरुषाहून ठणठणीत होती, असं मानायला काहीच आधार नाही. मग ती खोटं बोलत होती का? तसंही नाही. आपल्या वाट्याला किती यायला हवं, याची तिची कल्पनाच इतकी आक्रसली होती की तक्रार मनात उमटतच नव्हती. ज्याला कधी काही मिळालंच नाही, तो थोडक्यात समाधान मानायला शिकतो. नाहीतर जगणं अशक्य होईल.

त्या विधवेने शिडीवरची सातवी पायरी दाखवली असती तर तिला सुखी म्हणायचं का? म्हणू नये. सुख जर केवळ मनातली भावना असेल, तर अन्यायाचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पीडितांच्या अपेक्षा कमी करणं, असं मान्य करावं लागेल. आपल्याकडे अल्पसंतुष्टपणाची शिकवण मुलींना जितक्या आग्रहाने दिली गेली तितकी मुलांना नाही, हेही इथे विसरून चालणार नाही.

हाच मुद्दा अमेरिकी तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये दुसऱ्या बाजूने मांडला होता. मेंदूला तारा जोडून हवा तो अनुभव देणारं एक यंत्र आहे असं समजा. उत्तम कादंबरी लिहिल्याचा आनंद, मैत्रीचा आनंद, सगळं अगदी खऱ्यासारखं. शरीर मात्र टाकीत पडून असेल. आयुष्यभरासाठी कोण आत जाईल? बहुतेकांना ही कल्पना नकोशी वाटते. आपल्याला लिहिल्याची भावना पुरत नाही, खरोखर लिहायचं असतं. याची दुसरी बाजूही सांगायला हवी: तुम्ही आधीपासूनच अशा यंत्रात आहात, बाहेर पडायचं का, असा उलटा प्रश्न २०१० मधल्या एका अभ्यासात विचारला, तेव्हा बरेच जण आहे तिथेच राहायला तयार झाले. सवयीच्या आयुष्याची ओढ सत्याच्या ओढीइतकीच चिवट असते.

सुख फक्त भावनेने मोजायचं का, या पेचातून वाट काढण्याचा भूतानने गंभीर प्रयत्न केला. ‘सकल राष्ट्रीय आनंद’ मोजताना तिथे केवळ ‘कसं वाटतं’ एवढंच विचारत नाहीत. मानसिक स्वास्थ्य, आरोग्य, शिक्षण, वेळेचा वापर, संस्कृती, कारभार, शेजारपाजार, निसर्ग आणि राहणीमान अशी नऊ क्षेत्रं आणि ३३ निर्देशक आहेत. झोप किती मिळते हेसुद्धा त्यात येतं. सिंगूरच्या विधवेचं मौन अशा पाहणीत निदान पकडलं गेलं असतं. मात्र याच देशातून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे एक लाख नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा लोकांना बाहेर पडावं लागलं. त्यांची वर्षं पूर्व नेपाळमधल्या छावण्यांत गेली. देशाच्या आनंदाची पाहणी कितीही बारकाईने केली तरी जो देशातच उरला नाही त्याचं उत्तर तीत येत नाही.

माणसाच्या शब्दावर पूर्ण विसंबू नये, हे सिंगूर सांगतं. पण याचा उलट अर्थ काढून ‘तुझं भलं कशात आहे ते आम्हीच ठरवू’ म्हणणाऱ्यांच्या हाती निवाडा देणं तितकंच घातक आहे. अपंगत्वाच्या बाबतीत हे लख्ख दिसतं. १९७८ मध्ये फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेले २२ जण आणि अपघाताने लुळे पडलेले २९ जण यांची तुलना केली. ‘वर्षभरात दोघंही सारखेच सुखी होतात’ अशा भाषेत हा अभ्यास आजही सांगितला जातो, ते साफ चुकीचं आहे. पाचपैकी गुण होते: विजेते ४.००, सामान्य माणसं ३.८२ आणि अपघातग्रस्त २.९६. म्हणजे अपघाताने सुख घटलं होतं, आणि ते चांगल्याच फरकाने घटलं होतं. पण बाहेरच्या माणसाला ज्या आयुष्यात केवळ अंधार दिसतो, तिथेही गुण मध्याच्या वर होते. १९९९ मध्ये गॅरी अल्ब्रेक्ट आणि पॅट्रिक डेव्हलिगर यांनी गंभीर अपंगत्व असलेल्यांशी बोलून लिहिलं की, निम्म्याहून अधिक जण आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम आहे असं सांगतात.

मग ही माणसंही त्या विधवेसारखीच मन मारून बोलतात का? दोन्ही साक्षींत फरक करता येतो. त्यासाठी उत्तरासोबत आणखी काही पाहावं लागतं: या माणसाने आपलं आयुष्य कशाशी ताडून पाहिलं, निवड करायला त्याच्यापुढे काही होतं का, आणि नाराजी बोलून दाखवण्याची त्याला मुभा होती का. तुलना माहीत असलेला, तक्रार करू शकणारा माणूस ‘मी सुखी आहे’ म्हणतो, तेव्हा त्याच्या शब्दाला वजन येतं. सुख माणसाच्या मनातच जाणवतं हे खरं, पण ते उभं राहतं मन आणि जगणं यांच्या नात्यावर.

बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने फार मोलाचा आहे. मेंदूच्या देठाला इजा होऊन सगळं शरीर निकामी झालेले, शुद्धीवर असलेले, केवळ डोळ्यांच्या हालचालीने बोलू शकणारे असे रुग्ण त्या अभ्यासात होते. फ्रान्समधल्या त्यांच्या संघटनेमार्फत प्रश्नावली पाठवली गेली. सगळ्यांनी उत्तरं दिली नाहीत, तेव्हा आकड्यांवर फार भार टाकू नये. पण प्रश्न विचारण्याची रीत पाहावी. आधी प्रत्येकाने आजारापूर्वीचा स्वतःचा सर्वांत चांगला काळ आणि आयुष्यातला सर्वांत वाईट काळ आठवायचा आणि त्या दोन टोकांमध्ये आजचा दिवस कुठे बसतो ते सांगायचं. फूटपट्टी ज्याची त्याची स्वतःची. ६५ पैकी ४७ जणांनी आपण सुखी असल्याचं सांगितलं आणि या अवस्थेत जितका जास्त काळ गेला होता तितकं असं सांगण्याचं प्रमाण जास्त होतं. अशा रुग्णाने सुरुवातीलाच मरण मागितलं तर घाई करू नये, मन स्थिरावेपर्यंत थांबावं, असं संशोधकांनी डॉक्टरांना सुचवलं.

उरलेल्या १८ जणांनी आपण दुःखी आहोत असं सांगितलं. त्यांच्या उत्तरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी होत्या घराबाहेर लोकांत जायला न मिळणं, करमणुकीला काहीच नसणं, मनातली धास्ती आणि वाचा परत न येणं. यांतली शेवटची गोष्ट कदाचित कुणाच्याच हातात नाही. पहिल्या दोन गोष्टी चाकांच्या खुर्चीने, पायऱ्यांऐवजी केलेल्या उताराने आणि सोबतीला येणाऱ्या माणसाने साधण्यासारख्या आहेत, आणि धास्तीवर उपचार आहेत.